नव्या मावशींच्या हाती मूल सोपवण्यापूर्वी

नमस्कार. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरी मुलाला सांभाळायला पहिल्यांदा मावशी आल्या, तेव्हा मी त्यांना दोन पाने भरून सूचना लिहून दिल्या होत्या. त्या दिवशी मुलगा दिवाणावरून पडला आणि मावशींनी ते सांगितलेच नाही. रात्री केस विंचरताना डोक्यावरचे टेंगूळ माझ्या हाताला लागले. आधी राग आला. मग ती पाने पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की त्यांत काय करू नये हे जागोजागी लिहिले होते; मात्र काही झाले तर लगेच फोन करा, मी ओरडणार नाही, हे वाक्य कुठेच नव्हते.

म्हणून आज मी तयारीची सुरुवात त्या वाक्यापासून करते आणि ते मावशींना समोर बसवून सांगते. मूल पडले तर ते दुपारीच कळायला हवे, कारण डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणे किंवा मूल नेहमीपेक्षा सुस्तावणे ही डॉक्टरांकडे तातडीने नेण्याची लक्षणे असतात, आणि पडल्याचेच ठाऊक नसेल तर त्या सुस्तीला आपण झोप समजून बसतो.

प्रत्यक्ष कामाच्या आधीचे दोन दिवस आपण घरी असताना मावशींना बोलवावे आणि त्या दिवसांचे पैसे द्यावेत. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याला पाहावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे करावे आणि आपण शेजारच्या खोलीत थांबावे, मूल रडले तरी लगेच धावू नये. याच दिवसांत गॅसचा रेग्युलेटर त्यांच्या हातून बंद करून घ्यावा. न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर दार-खिडकी बंद ठेवून तो चालवल्यास साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, हे समजावून सांगावे. भरलेली बादली मोकळी ठेवू नये, कारण रांगते मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते.

आता हे द्राक्ष पाहा. आपल्या नाशिकच्या घरांत हंगामात द्राक्षांची पेटी कोपऱ्यात असतेच आणि मुलाच्या हाती घोस देण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. परंतु अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे घट्ट बसते. आडवे कापले तर त्याची गोलाई तशीच राहते, म्हणून ते उभे चिरून चार फोडी कराव्यात, आणि पाच वर्षांपर्यंत हीच सवय ठेवावी. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे तर या वयात देऊच नयेत; चिवड्याचा डबाही वरच्या फळीवर बरा.

तरीही घास अडकलाच तर? मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्याव्यात. वर्षाच्या आतल्या बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरावे, आणि थापांनी वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबावे. वर्षावरील मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने दाबतात. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवायचे असते. हे नुसते सांगून हाताला येत नाही. आम्ही बाहुली घेऊन मावशींसह तीन वेळा केले, आणि पहिल्या वेळी माझेच चुकले.

औषधाबाबत मी हट्टी आहे: फोन केल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. त्यामुळे चुकून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर, म्हणजे ५ मिली, दिले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. भाजले तर मात्र फोनची वाट पाहू नये. टूथपेस्ट किंवा हळद न लावता नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे.

फ्रिजवर एकच कागद असावा. त्यावर आपले आणि शेजाऱ्यांचे नंबर, १०८, ११२ आणि घराचा संपूर्ण पत्ता खुणेसह लिहावा, कारण पंचवटीहून येणाऱ्या मावशींना आपल्या अपार्टमेंटचे नाव घाईत आठवेलच असे नाही. त्यांना वाचता येते असे गृहीत धरू नये. येत नसेल तर फोनमध्ये नंबरांना फोटो लावून द्यावेत आणि पत्ता तोंडपाठ करून घ्यावा. मुलाला न्यायला कोणी आले, तर त्याने कितीही जवळचे नाते सांगितले तरी आपला फोन आल्याशिवाय दार उघडायचे नाही, हेही ठरवून टाकावे.

निघताना मुलाची नजर चुकवून सटकू नये. निरोप घेतला तर ते पाच मिनिटे रडते. सटकलो तर संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहते, आणि ते मावशींना सांभाळावे लागते. परतल्यावर पर्स ठेवून दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे. काय खाल्ले, किती झोपला, कुठे धडपडला हे विचारावे, आणि ही दहा मिनिटे त्यांच्या पगाराच्या वेळेतच धरावीत.