काचेतलं पोवळं आणि पितळेचा बिल्ला

(नागपूरच्या महाल भागातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर 'डिस्टोपिया' हा शब्द वाचून दोघातिघांनी मला फोन केले, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. उद्याच्या जगाची अशी गोष्ट, जिथं सरकार माणसाच्या ताटापासून मनापर्यंत सगळ्यावर पहारा ठेवतं, ती डिस्टोपिया. व्याख्येला एवढं पुरे. मला बोलायचंय ते त्या पहाऱ्यात कुणीतरी जपून ठेवलेल्या एखाद्या लहानशा वस्तूबद्दल.

जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली आली. तिचा नायक विन्स्टन एका जुन्यापान्या सामानाच्या दुकानात शिरतो आणि चार डॉलर मोजून काचेचा एक पेपरवेट घेतो. जड, घुमटासारखी काच आणि तिच्या पोटात गुलाबी पोवळ्याचा तुकडा. दुकानदार म्हणतो, हे पोवळं हिंदी महासागरातलं असावं, शंभरेक वर्षांपूर्वीचं काम आहे. विन्स्टनला ती वस्तू आवडते, कारण तिचा कुणालाच काही उपयोग नाही. त्याची नोकरी जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सत्तेला हवा तसा बदलण्याची. आदल्या दिवशीचं खरं दुसऱ्या दिवशी खोटं करायचं, हेच त्याचं रोजचं काम. त्या पोवळ्याला मात्र कुणी हात लावलेला नाही.

तेहतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. या पेपरवेटबद्दल मुलांना सांगताना मी म्हणायची, जिथं सत्तेचा हात पोचत नाही असा कोपरा म्हणजे ही वस्तू. आज मला ते चूक वाटतं. पुढं काय होतं आठवा. तो म्हातारा दुकानदार विचार-पोलिसांचाच माणूस निघतो. दुकानावरची जी खोली विन्स्टननं भाड्यानं घेतलेली असते, तिथल्या चित्रामागं नजर ठेवणारा पडदा असतो. अटकेच्या वेळी कुणीतरी तो पेपरवेट उचलून चुलाण्याच्या दगडावर आपटतो. पोवळं चटईवर घरंगळत जातं आणि विन्स्टनच्या मनात येतं, केवढंसं होतं हे! मग दुकानदार आत येतो आणि करड्या आवाजात हुकूम सोडतो, ते तुकडे उचला.

सत्तेनं न शिवलेली वस्तू विन्स्टन शोधत होता आणि सत्तेनंच ती त्याला विकली. मला त्याहून जास्त लागतं ते दुसरंच. तो पेपरवेट कधीतरी कुणाच्या तरी टेबलावर असेल, कुणी तो हौसेनं आणला असेल. विन्स्टन स्वतःच म्हणतो, वाचता आला तर हा शंभर वर्षांपूर्वीचा निरोप आहे. पण वाचून दाखवणारं माणूसच त्याला भेटत नाही. वस्तू त्याच्या हातात येते, तिची गोष्ट येत नाही.

आता दुसरं पुस्तक. सुझॅन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स', २००८. इथल्या कितीतरी मुलामुलींनी ते वाचलंय किंवा सिनेमा पाहिलाय. सरकार मुलामुलींना एकमेकांना मारायला लावतं, त्या मारण्या-मरण्याच्या खेळात जाताना प्रत्येकाला आपल्या गावाची आठवण म्हणून एक वस्तू बरोबर नेता येते. नायिका कॅटनिसकडं असते सोन्याची एक पिन. गोल कडी, तिच्यात उडता पक्षी, आणि तो कडीला टेकलेला फक्त पंखांच्या टोकांनी. पुस्तकात ही पिन तिला तिची मैत्रीण मॅज देते, निरोपाच्या वेळी, घाईघाईत, स्वतःच्या हातानं फ्रॉकवर टोचून. सिनेमात मॅज नाहीच. मला ते फार खटकलं, कारण ही पिन मॅजच्या मावशीची. अशाच एका खेळात जीव गमावलेल्या मुलीची. हे वाचकाला पुढच्या भागात कळतं आणि मग मागचं सगळं पुन्हा वाचावंसं वाटतं.

तो पक्षी कुठून आला तेही पाहा. बंडखोरांचं बोलणं चोरून ऐकायला सरकारनं प्रयोगशाळेत एक पक्षी तयार केला. बंडखोरांना ते उमगलं, त्यांनी त्याच्या कानावर खोट्यानाट्या गोष्टी घातल्या. मग सरकारनं ते पक्षी रानात मरायला सोडून दिले. ते मेले नाहीत. रानातल्या पाखरांशी त्यांची जोडी जमली आणि कुणाच्याच योजनेत नसलेला मॉकिंगजे जन्माला आला. खेळाआधी ही पिन तपासायला समिती बसते. तिला शंका असते ती एवढीच, की हिचा शस्त्रासारखा वापर होईल का? दुसऱ्या एका मुलीच्या अंगठीतून विषारी काटा निघतो, ती जप्त होते. पिन कशीबशी सुटते. त्यांनी धार तपासली. मावशी कोण होती, हे कुणी विचारलं नाही.

इथं मला माझे आबाजी आठवतात. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून आपल्या नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या घरं मिलवर जगली. आबाजी अशाच एका मिलच्या विणाई खात्यात होते. त्यांना पितळेचा बिल्ला होता, बंद्या रुपयाहून थोडा मोठा, वरच्या अंगाला भोक. गेटावर तो दाखवायचा. पगाराच्या दिवशी नाव नाही, नंबर पुकारायचे. वीस-बावीस वर्षं त्या आवारात माझे आबाजी म्हणजे तीन आकडे होते.

ते गेले तेव्हा आजीनं बिल्ला काळ्या दोऱ्यात ओवला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. रोज तांदूळ काढताना तो आधी हाताला लागायचा. कॉलेजात असताना, नुकतंच चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली मी तिला म्हणाले, "आजी, ज्यांनी आबाजींचा नंबर केला त्यांची ही वस्तू. कशाला जपतेस?" तिनं सुपातली नजरही वर केली नाही. म्हणाली, "नंबर मिलवाल्याइचा होता. मले तर त्याच्यात माणूसच दिसते."

तेव्हा मला राग आला होता. कॅटनिसची पिन वाचली आणि पस्तीस वर्षांनी आजीचं बोलणं समजलं. तो पक्षी सरकारनं घडवलेला, हा बिल्ला मिलनं पाडलेला. स्वच्छ, सत्तेनं न शिवलेली वस्तू गरिबाच्या घरात येणार कुठून? त्याला जे मिळतं त्यावर आधीच कुणाचा तरी ठसा असतो. आजीनं त्याच ठशावर अंगठा फिरवून फिरवून एक आकडा पार गुळगुळीत करून टाकला.

तुमच्यातले जे लिहितात, त्यांच्यासाठी एक सांगते. अशी गोष्ट लिहाल तेव्हा नायकाच्या हातात वस्तू देण्याआधी ती त्याला कुणी दिली आणि देताना काय म्हटलं, ते ठरवा. वस्तू सुंदर नसली तरी चालेल.

गेल्या दिवाळीत माझ्या नातीला आम्ही अजब बंगला दाखवायला नेलं. १८६३ पासूनचं आपलं संग्रहालय. घरी आल्यावर तिनं बिल्ला पाहिला आणि म्हणाली, हा तिथं काचेत का नाही ठेवत? मी तिला तांदळाच्या डब्यात हात घालायला लावला.

आज तो मी सोबत आणलाय. पहिल्या रांगेपासून फिरवते. मधला आकडा डोळ्यांना दिसणार नाही, बोटानं चाचपून पाहा. आणि पुढच्याच्या हातात देताना त्याला सांगा, हा विणाई खात्यातल्या एका माणसाचा आहे, त्याच्या बायकोनं तो तांदळात ठेवला होता.