अक्षरांभोवतीची जागा

सारे नाशिकरोड ज्याला नुसते ‘प्रेस’ म्हणते, ते भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ साली सुरू झाले. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट इथेच छापले गेले. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेल्या साडेतीन आण्यांच्या या तिकिटावर फडकता तिरंगा, ‘जय हिंद’ ही अक्षरे, देशाचे नाव, तारीख आणि किंमत एवढाच ऐवज आहे. ग्राफिक डिझाइन शिकू लागलेल्याने हे तिकीट भिंगाखाली धरून पाहावे. नजर आधी झेंड्यावर जाते, मग अक्षरांकडे वळते. हा क्रम आकार, ठळकपणा आणि मोकळी जागा यांतून ठरतो, आणि तो ठरवता येणे हाच या विषयाचा पाया आहे. सॉफ्टवेअर त्यानंतर येते.

शहरातल्या चौकांत लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स याच्या अगदी उलट असतात. तिथे प्रत्येक नाव ठळक, प्रत्येक चेहरा मोठा, त्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. (शुभेच्छुकांचे फोटो कमी करणे कोणत्याही डिझायनरच्या हातात नसते, हेही खरे.) शिवाय पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि छपाईतला शाईचा, म्हणून संगणकावर झळकणारा पोपटी छापल्यावर मंद पडतो.

देवनागरीत काम करणाऱ्याला मात्र आणखी एक अभ्यास करावा लागतो. रोमन लिपी समोर ठेवून तयार केलेल्या पाठांत शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवायला सांगतात; तेच ‘गोदावरी’ या शब्दावर करून पाहिले की शिरोरेखा तुटते आणि एका शब्दाचे चार सुटे तुकडे होतात. ओळींचेही तसेच आहे. शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार अशी दोन्हीकडून दाटी असल्यामुळे ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतल्या ‘कुंभ’चा उकार खालच्या ‘पर्वणी’च्या रफाराला भिडतो. अशा वेळी ओळींमधले अंतर रोमनपेक्षा सढळ ठेवावे लागते, आणि तेवढी जागा नसेल तर अक्षरे बारीक करण्याऐवजी ग्राहकाला मजकूर कमी करायला सांगावे लागते.