घोटा वळणार नाही, पण पाय राहील

श्रोतेहो, नमस्कार.

घोटा मोडतो, प्लेट-स्क्रू घालून ऑपरेशन होतं आणि काही आठवड्यांनी टाक्यांतून पाणी झिरपू लागतं. मग पू येतो. ड्रेसिंग, गोळ्या, पुन्हा ड्रेसिंग, यात महिने जातात. मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल तर दुखतही नाही, आणि घरच्यांना वाटतं, जखम भरत आली. आत मात्र पुवाने सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खाऊन टाकलेली असते. ती पुन्हा उगवत नाही. अशा वेळी सर्जन म्हणतात, ‘सांधा कायमचा जोडून टाकू’, आणि माणूस खचतो. त्याला वाटतं, पाय गेलाच. मला सांगायचंय ते हेच, की पाय वाचवण्यासाठीच हे ऑपरेशन करतात.

‘कृत्रिम सांधा का बसवत नाही?’ असं बरेच जण विचारतात. कृत्रिम सांध्यातही धातू असतो; जंतू धातूवर चिकट थर करून राहतात आणि औषध त्या थराखाली नीट पोचत नाही. म्हणून आधी जुन्या प्लेटा, स्क्रू काढतात. मेलेलं हाड, सडलेलं मांस रक्ताळ, जिवंत भाग दिसेपर्यंत खरवडतात. तुकडे कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जातात आणि नेमका जंतू कळला की त्यानुसार अँटिबायोटिक, बहुधा सहा आठवडे किंवा अधिक. मग नडगीचं हाड आणि त्याखालचं घोट्याचं हाड एकमेकांवर घट्ट दाबून धरायचं, म्हणजे दोन्हींचं मिळून एकच हाड होतं.

हा दाब संसर्ग असलेल्या जागेत नवा धातू न पुरताही देता येतो. पायाभोवती कड्या, त्यांतून ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार. ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रील इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात बसवली. बाहेरच्या जगाला ती फार उशिरा कळली. इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी यांची नडगी अनेक वर्षं जुळत नव्हती, त्यात संसर्ग. 1980 मध्ये ते कुर्गानला गेले आणि बरे होऊन परतले. पुढच्याच वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी इलिझारोव्हना बोलावून घेतलं. आज आपल्याकडेही अस्थिरोगतज्ज्ञ ही रिंग वापरतात.

रिंग काही महिने राहते. तारांच्या तोंडाशी लाली किंवा स्राव दिसला तर लगेच दाखवावं.

पाऊल नडगीशी काटकोनात आणि किंचित बाहेर वळलेलं जोडतात. चवडा खाली झुकलेला राहिला तर चालताना गुडघ्यावर ताण येतो. घोट्याखालचे आणि पावलातले सांधे थोडीफार हालचाल भरून काढतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर पुष्कळ जण बरं चालतात. पुढे गोलसर तळ असलेला बूट खूप मदत करतो. मात्र उकिडवं बसणं अवघड होतं. देशी संडास, भांगलणी, चुलीपुढचं काम यांची सोय ऑपरेशनआधीच घरात बोलून ठेवावी. शेजारच्या सांध्यांवर भार वाढतो, त्यामुळे काही वर्षांनी तिथे झीज होऊ शकते, हेही माहीत असू द्या.

प्रत्येकाचा पाय वाचतोच असं नाही. रक्तपुरवठाच बंद झाला असेल, किंवा संसर्ग जिवावर उठला असेल, तर पाय काढणंच शहाणपणाचं असतं. तो निर्णय सर्जनसोबत बसून, रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यावा.

आणि विडी, सिगारेट, तंबाखू आजपासून बंद. त्याने हाड न जुळण्याचा धोका खूप वाढतो. साखर आटोक्यात ठेवा, आणि ऑपरेशननंतर वाहणारी जखम दिसली की गल्लीत नुसती पट्टी बदलत बसू नका, त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

नमस्कार.