‘इल गात्तोपार्दो’ घरी पाहताना: एका चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या

श्रोतेहो,

इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या ‘इल गात्तोपार्दो’ला, म्हणजे आपल्याकडे ‘द लेपर्ड’ या नावाने अधिक माहीत असलेल्या चित्रपटाला, १९६३ साली कान महोत्सवात पाल्म दोर मिळाले आणि त्याच वर्षी त्याची एक वेगळी, कापलेली आणि इंग्रजी बोलणारी प्रत अमेरिकेत प्रदर्शित झाली. आज आपण घरी ज्या डिस्क लावतो त्यांच्या तुलनेचा प्रश्न तिथपासूनचा आहे. ‘यातली कोणती आवृत्ती घ्यावी?’ असे चित्रपट मंडळातले सभासद विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चित्र किती स्वच्छ आहे आणि रंग किती उठून दिसतात एवढेच असते. मला त्याआधी वेगळे प्रश्न विचारावेसे वाटतात. हे चित्र कोणत्या निगेटिव्हवरून घेतले, रंगांचा निर्णय कोणी केला, फिल्म कोणत्या गतीने धावते आहे आणि पडद्यावर बोलणाऱ्या माणसाचा आवाज मुळात कोणाचा आहे, हे कळल्याशिवाय स्वच्छपणाला फारसा अर्थ नाही, असे माझे मत आहे.

आधी लांबीविषयी. व्हिस्कोन्ती यांनी केलेले पहिले संकलन सुमारे २०५ मिनिटांचे होते. कानला दाखवलेली प्रत त्याहून थोडी लहान, सुमारे १९५ मिनिटांची होती आणि पुढे इटलीतल्या प्रदर्शनासाठी त्यांनी स्वतःच ती १८५ मिनिटांवर आणली. ही काटछाट दिग्दर्शकाच्या हातची आहे आणि १८५ मिनिटांचे रूपच त्यांना सर्वांत पसंत होते. अमेरिकेत ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने मात्र १६१ मिनिटांची प्रत बाहेर काढली. तिची छपाई डीलक्स या रंगप्रक्रियेने आणि सिनेमास्कोप या रुंदपडदा पद्धतीत झाली होती, त्यामुळे मूळ चित्रणातले बारकावे आणि रंगांची खोली दोन्ही उणावली. व्हिस्कोन्ती यांनी हे रूप आपले मानायला जाहीर नकार दिला. म्हणून कोणत्याही डिस्कच्या पाठीवर सर्वप्रथम मिनिटांचा आकडा पाहावा.

पण नुसता आकडा पाहून निर्णय करू नये, कारण तो फसवतो. युरोपात निघालेल्या, पाल या तिथल्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर हाच चित्रपट १७८ मिनिटांच्या आसपास भरतो आणि पुष्कळांना सात मिनिटे कापली गेली असे वाटते. प्रत्यक्षात एकही चौकट (फ्रेम) गेलेली नसते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित होतो आणि पाल पद्धतीत तो २५ चौकटींच्या गतीने चालवला जातो, त्यामुळे सगळाच चित्रपट चार टक्क्यांनी लवकर संपतो. प्रतिमेत हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. कानाला तो जाणवायला हवा. गती वाढली की स्वरही चढतो आणि मुद्दाम दुरुस्ती केलेली नसेल तर ही वाढ अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी होते. जुनी तबकडी चुकीच्या गतीने वाजवली की गवयाची पट्टीच बदलते, तसाच हा प्रकार आहे. निनो रोता यांचे संगीत आणि व्हेर्दी यांच्या तोवर अप्रकाशित राहिलेल्या एका वॉल्ट्झची त्यांनी केलेली वाद्यवृंदरचना हा या चित्रपटाचा कणा आहे. नृत्यसमारंभात चित्रपटाचा नायक, थकलेला प्रिन्स, आपल्या भाच्याच्या वाग्दत्त वधूबरोबर, अँजेलिकाबरोबर, त्या वॉल्ट्झवर नाचतो, तेव्हा त्या नाचाची संथ, भारदस्त लय चार टक्क्यांनीही घाईला आलेली मला सोसत नाही. ब्लू-रेवर हा चित्रपट २४ चौकटींच्या मूळ गतीने पाहता येतो, आणि केवळ या एका कारणासाठीसुद्धा जुनी पाल डीव्हीडी बदलावी असे मी सांगेन.

आता आवाजाकडे येतो, कारण इथे प्रश्न अधिक नाजूक आहे. बर्ट लँकेस्टर हे अमेरिकन नट प्रिन्स फाब्रित्सिओ सालिना यांच्या भूमिकेत आहेत, अलाँ दलाँ हे फ्रेंच नट त्यांचा भाचा तांक्रेदी झाले आहेत आणि क्लाउदिया कार्दिनाले अँजेलिका आहेत. इटलीत त्या काळी संवाद चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित करण्याचीच रीत होती. त्यामुळे इटालियन प्रतीत लँकेस्टर यांच्या ओठांवर इंग्रजी आणि कानावर कोर्रादो गाइपा या इटालियन नटाचा आवाज असतो. इंग्रजी प्रतीत लँकेस्टर यांचा स्वतःचा आवाज आहे, पण त्यांच्याभोवतीचे सारे सिसिली पराया उच्चारांत बोलते. त्या इंग्रजी ध्वनिमुद्रणावर सिडनी पोलॅक यांनी देखरेख केली होती. मग अस्सल कोणते? माझा कौल निःसंशयपणे इटालियन प्रतीकडे आहे. गाइपा यांच्या आवाजातला खर्ज, त्यातली अधिकाराची सवय आणि त्यामागचा थकवा यांनी लँकेस्टर यांच्या देहबोलीला सिसिलीचे नागरिकत्व दिले आहे. तरीही लँकेस्टर यांनी ही भूमिका कशी बोलली होती हे ज्याला अभ्यासायचे आहे, त्याला इंग्रजी प्रतीवाचून गत्यंतर नाही. म्हणून दिग्दर्शकाने नाकारलेले रूपही जतन करून, ते नाकारलेले आहे हे स्पष्ट सांगून, मूळ रूपाशेजारी ठेवणारी आवृत्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

अभिजात चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २००४ साली काढलेला तीन डीव्हीडींचा संच आणि २०१० साली काढलेला दोन ब्लू-रेंचा संच हेच करतात. त्यांत १८५ मिनिटांची इटालियन प्रत मुख्य आहे आणि १६१ मिनिटांची अमेरिकन प्रत वेगळ्या डिस्कवर आहे. शिवाय चित्रपटाच्या निर्मितीवरचा सुमारे तासाभराचा माहितीपट, निर्माते गोफ्रेदो लोम्बार्दो यांची मुलाखत आणि इटलीच्या एकीकरणाच्या इतिहासावरचे विवेचन आहे. या शेवटच्या पुरवणीला मी फार मोल देतो. १८६० साली गॅरिबाल्डीचे लाल सदऱ्यातले स्वयंसेवक सिसिलीत उतरले, बूर्बोन राजवट कोसळली, जनमताच्या नावाखाली मतमोजणीत फेरफार झाले आणि जुन्या सरदारांच्या जागी अँजेलिकाचे वडील डॉन कालोजेरो यांच्यासारखे नवे धनिक आले, हा सगळा संदर्भ जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदुसा यांच्या १९५८ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आणि या चित्रपटातही गृहीत धरलेला आहे. इटालियन प्रेक्षकाला तो शाळेत शिकवलेला असतो. आपल्याला तो कुणीतरी सांगावा लागतो.

चित्राचा विचार करताना आधी ते कशावर घेतले होते हे समजून घेतले पाहिजे. छायाचित्रकार जुझेप्पे रोतुन्नो यांनी हा चित्रपट टेक्निरामा पद्धतीने चित्रित केला. या पद्धतीत ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी सरकते आणि प्रत्येक चौकट फिल्मच्या कडेच्या नेहमीच्या चार छिद्रांऐवजी आठ छिद्रांची लांबी व्यापते. निगेटिव्हवरची प्रतिमा त्यामुळे जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाची होते, आणि तिचा कण (ग्रेन) मुळातच बारीक असतो. आता हे डीव्हीडीच्या मापाशी ताडून पाहा. क्रायटेरियनने रुंदी आणि उंची यांचे २.२१ः१ हे गुणोत्तर राखले आहे. या रुंद चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात आणि एनटीएससी या अमेरिकन टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी चित्राच्या वाट्याला जेमतेम ३८६ ओळी उरतात. ब्लू-रेवर त्याच चित्राला सुमारे ८७० ओळी मिळतात. इतर एखाद्या चित्रपटात हा फरक चैनीचा म्हणता आला असता, पण व्हिस्कोन्ती यांनी ज्या निगेटिव्हची निवड केली तिच्यापुढे डीव्हीडी हे फारच अरुंद भांडे आहे.

या ओळींच्या हिशेबातून नेमके काय हरवते, हे दोन प्रसंगांवरून सांगतो, आणि कोणतीही दोन रूपे शेजारी ठेवून तपासायची असतील तर हेच दोन प्रसंग लावावेत असे सुचवतो. पहिला प्रसंग दोन्नाफुगाताच्या चर्चमधला आहे. लाम्पेदुसांच्या या कल्पित गावासाठी चित्रीकरण पालेर्मोजवळच्या चिमिन्नात झाले. उन्हातान्हातून, कच्च्या रस्त्यावरून आलेले सालिना कुटुंब घरी न जाता थेट प्रार्थनेला येते आणि कोरीव लाकडी आसनांवर ओळीने बसते. कॅमेरा त्यांच्यासमोरून सावकाश सरकतो. सर्वांच्या चेहऱ्यांवर, केसांवर, काळ्या कपड्यांच्या घड्यांवर रस्त्याची फिकट धूळ बसलेली आहे आणि क्षणभर ही जिवंत माणसे नसून चर्चमधलेच जुने पुतळे आहेत असे वाटते. एका वर्गाचा अंत व्हिस्कोन्ती यांनी या धुळीतून सांगितला आहे. चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवला की काळे अधिक काळे होते, पांढरे अधिक पांढरे होते आणि मधली ही करडी धूळ नाहीशी होते. कण काढून टाकणारी संगणकीय सफाई जास्त झाली तर तीच धूळ चेहऱ्यावरच्या रंगरंगोटीसारखी सपाट दिसू लागते. त्या आसनांवर धूळ दिसत नसेल, तर ती आवृत्ती इतर बाबतींत कितीही झगझगीत असली तरी मला नको.

दुसरा प्रसंग अर्थातच पालेर्मोच्या पालात्सो गांजीमधला नृत्यसमारंभ. तो सुमारे पाऊण तास चालतो. ऑगस्टच्या उकाड्यामुळे त्याचे चित्रीकरण रात्रीच्या वेळी करावे लागले. झुंबरांत खऱ्या मेणबत्त्या होत्या आणि त्या सतत बदलाव्या लागत. पिएरो तोसी यांनी केलेले वेष, फुले, आरसे, पंखे यांनी भरलेल्या त्या दालनांत माणसे घामाने निथळत आहेत. हा घाम दिसणे अत्यावश्यक आहे, कारण प्रिन्सला येणारी घेरी, ग्रंथालयात चित्रकार ग्र्यूझ यांनी काढलेल्या मृत्यूशय्येच्या चित्रासमोर त्याचे थांबणे आणि आरशात स्वतःला पाहताना डोळ्यांत आलेले पाणी, हे सगळे त्या कोंदलेल्या उष्म्यातून उगवते. डीव्हीडीवर कपाळावरचा तो ओलावा एक अस्पष्ट चमक होऊन राहतो. ब्लू-रेवर तो त्वचेवर बसतो. पुरुषांच्या काळ्या कोटांचे वेगवेगळे पोतही तिथे ओळखू येतात. डॉन कालोजेरोच्या नव्या पैशाने शिवलेल्या कपड्यांची चेष्टा चित्रपटात आधीच झालेली आहे, आणि ती पोताच्या फरकावाचून पुरती कळत नाही.

रंगांच्या बाबतीत साक्षीदार कोण, हा प्रश्न उरतो. व्हिस्कोन्ती १९७६ साली वारले, त्यामुळे घरगुती माध्यमांतल्या आजच्या कोणत्याही आवृत्तीला त्यांची संमती असणे शक्यच नाही. क्रायटेरियनच्या प्रतीचे रंग रोतुन्नो यांच्या देखरेखीखाली ठरले आणि ते २०२१ पर्यंत हयात होते. ही साक्ष मोठी आहे. पण छायाचित्रकाराची संमती हा अंतिम पुरावा मानू नये, असे मला आवर्जून म्हणायचे आहे. छायाचित्रकार व्हित्तोरिओ स्तोरारो यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ‘द लास्ट एम्परर’ हा आपणच चित्रित केलेला, २.३५ः१ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट त्यांनी पुढे डिस्कसाठी २ः१ मध्ये कापून घेतला, कारण दरम्यान त्यांना ते गुणोत्तर आदर्श वाटू लागले होते. कलावंताची नंतरची आवड आणि चित्रपटाचे तेव्हाचे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डिस्क काढणाऱ्याने यातले आपण काय दिले हे सांगितले पाहिजे.

म्हणूनच इटलीतल्या बोलोन्या शहरात झालेल्या कामाचे महत्त्व. सिनेतेका दी बोलोन्या या चित्रपट-संग्रहालयाच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत, मार्टिन स्कोर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनच्या सहभागाने आणि गुची या कंपनीच्या अर्थसाहाय्याने या चित्रपटाचे पुनरुज्जीवन झाले आणि मे २०१० मध्ये ते कान महोत्सवात दाखवले गेले. दलाँ आणि कार्दिनाले त्या वेळी उपस्थित होते. टेक्निरामाची मूळ आठ छिद्रांची निगेटिव्ह या कामासाठी ८के (सुमारे आठ हजार ठिपक्यांच्या रुंदीच्या) क्षमतेने स्कॅन केली गेली आणि पुढचे काम ४के मध्ये झाले. रोतुन्नो यांच्या देखरेखीखालच्या प्रतीशी या कामाची गल्लत करू नये. ही दोन वेगळी कामे आहेत आणि डिस्क विकत घेताना आपल्या हातात कोणत्या कामाची प्रत आहे हे वाचून घ्यावे. फिल्म फाउंडेशनच्याच पुढाकाराने आणि याच प्रयोगशाळेत ऋत्विक घटक यांच्या ‘तिताश एकटि नदीर नाम’चेही पुनरुज्जीवन झाले आहे, तेव्हा तिथल्या कामाच्या पद्धतीविषयी आपल्याला आस्था असायला हे आणखी एक कारण आहे.

एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रायटेरियनची अमेरिकन ब्लू-रे ‘ए’ विभागासाठी बंदिस्त आहे, ब्रिटन आणि युरोप ‘बी’ विभागात येतात आणि भारत ‘सी’ विभागात. इथे विकला जाणारा साधा प्लेअर ती डिस्क चालवेलच असे नाही. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारे यंत्र एखाद्या मंडळाने सामाईक घेतले तर सभासदांचा मोठा प्रश्न सुटेल, आणि मग दोन्ही खंडांतल्या आवृत्त्या एकाच पडद्यावर, एकाच प्रकाशात पाहता येतील. तुलनेसाठी ही अट मी फार महत्त्वाची मानतो, कारण दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या टीव्हींवर पाहिलेल्या रंगांविषयीचे वाद निष्फळ असतात. टीव्हीवरची प्रतिमा गुळगुळीत करणारी आणि रंग भडक करणारी सगळी साधने त्याआधी बंद करावीत.

राहता राहिली ती २०५ मिनिटांची पहिली प्रत. तिच्यातली वगळलेली वीस मिनिटे एखाद्या भावी आवृत्तीत यावीत अशी इच्छा रसिक वेळोवेळी व्यक्त करतात. पुरवणी म्हणून, वेगळ्या डिस्कवर ती पाहायला मिळाली तर मीही आनंदाने पाहीन. मात्र चित्रपटात ती परत जोडण्याला माझा विरोध राहील, कारण ती मिनिटे कोणा कंपनीने नव्हे, व्हिस्कोन्ती यांनी काढली आहेत.