प्लग सारखा काळा पडतोय? चौथा घेण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. हा मोटरसायकलचा स्पार्क प्लग बघा. (प्लग कॅमेऱ्याजवळ) टोक काळंकुट्ट, आणि बोट लावलं की चिकट ऑइल येतंय. कास रस्त्यावरच्या एका गावातनं रोज पहाटे साताऱ्यात दूध घालायला येणाऱ्या काकांच्या गाडीतला हा प्लग. महिन्याभरातला तिसरा. गाडी मिसिंग मारते म्हटलं की कुणीतरी नवा प्लग बसवून द्यायचं, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिन्ही प्लग एकच गोष्ट सांगत होते, पण कुणी नीट बघितलंच नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पैसे काकांचे गेले.

म्हणून प्लग काढला की आधी उजेडात धरा. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर जळण बरोबर चाललंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय, त्याकडे काणाडोळा करू नका. आणि असा ओला, चिकट असेल तर ऑइल जळतंय.

हे ऑइल येतं कुठून? फोर-स्ट्रोक गाडीत वाटा दोन. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की खालून, आणि व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील, कडक झालं की वरून. (दोन सील तळहातावर) हे नवं, चिमटीत दाबलं की दबतं. हे काकांच्या गाडीतलं. उष्णता खाऊन खाऊन प्लॅस्टिकसारखं झालंय, आणि कडेला ही बारीक चीर.

कुठली वाट, ते ओळखायला आपला यवतेश्वरचा घाट आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरा. तेव्हा इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांडीवरनं ऑइल आत खेचलं जातं. खाली समर्थ मंदिरापाशी आलात की अ‍ॅक्सिलरेटर द्या, आणि मागच्या गाडीवरच्या मित्राला बघायला सांगा. निळ्या धुराचा एक भपका येऊन धूर थांबला, तर सील. सकाळी गाडी चालू केल्यावर थोडा वेळ निळा धूर येतो, तेही बहुधा सीलच. चढाला जोर दिल्यावर धूर येतच राहिला तर मात्र रिंगा. काका तर रोजच कॅन भरून हा घाट उतरतात!

काकांच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवायला घेतलं आणि जीव हळहळला. टॅपेट कव्हरला, म्हणजे हेडवरच्या झाकणाला, पॅकिंगच नाही, नुसता सिलिकॉनचा जाड थर. त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकलेले. जाळी तुंबली की वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला ऑइल पोचत नाही. कंपनीने जिथे पॅकिंग दिलंय तिथे पॅकिंगच घाला. हेडचं पॅकिंग एकदा दबलं की परत वापरू नका. आणि जुनं खरवडायला स्क्रूड्रायव्हर नको, अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की तिथूनच गळती. प्लॅस्टिकची पट्टी घ्या, वेळ लागू द्या. नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.

बाहेरचं, म्हणजे चेनच्या स्प्रॉकेटजवळचं ऑइल सील गळत असेल तर आधी ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, तपासा. तो चिखलाने बंद झाला तर आतला दाब नवं सीलही टिकू देत नाही. सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, आणि ओठाला ऑइल लावूनच.

यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १०० जपून ठेवलेल्यांसाठी एवढंच: प्लग पांढरा पडतोय आणि गाडी आपोआप रेस होतेय, तर मॅग्नेटकडचं क्रँक सील आधी बघा. तिथनं हवा ओढली गेली की पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

आता काकांचा चौथा प्लग. इंजिन गार आहे. या गाडीला प्लगच्या टोकाची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर, फीलर गेजच्या पातळ पट्टीने बघितली. आटे बोटांनीच लावायचे, वॉशर टेकेपर्यंत. (हात जवळून) टेकला. आता पान्याने अर्धा फेरा, बस्स.

५०० किलोमीटर झाले की काकांना परत बोलावलंय. तेव्हा हाच प्लग काढून तुम्हाला त्याचा रंग दाखवतो.