चालकाचे तास कोण मोजणार?

मालवाहतुकीच्या सुरक्षिततेविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे चर्चा लगेच चालकावर येते. तो दारू पितो का, गाडी बेफाम हाकतो का, लेन पाळतो का, हे प्रश्न गैर नाहीत. परंतु मोटार अपघातांचे दावे चालवताना माझे मत असे होत गेले आहे की, अपघाताचे बरेचसे कारण गाडी बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या कारखान्याचे फाटक ओलांडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. आणि ज्यांनी ते ठरवले त्यांची नावे खटल्याच्या कागदांत कुठेही येत नाहीत.

बेळगावहून पुण्याचे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. फाउंड्रीतले कास्टिंग भरायला दुपारी लावलेली गाडी पुष्कळदा रात्री आठ-नऊला भरून होते. तेवढा वेळ चालक मोकळा होता असे आपण म्हणतो, पण तो रांगेत गाडी पुढे सरकवत असतो, ताडपत्री ओढत असतो, रस्सी आवळत असतो, बिल्टीसाठी, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीसाठी, ट्रान्स्पोर्ट ऑफिसात खेटे घालत असतो. त्यानंतर त्याला सांगितले जाते की माल सकाळी पुण्यात पोचला पाहिजे. म्हणजे दिवसभर जागा असलेला माणूस झोपेच्या वेळी घाट चढायला निघतो.

यावर कायदा नव्हता असे नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आठवड्याची सुट्टीही दिली. लांब पल्ल्यासाठी ही मर्यादा परवानगीने दिवसाला दहा तासांपर्यंत नेता येत असे. मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच तो लागू होता. आपल्या सीमाभागात एक-दोन गाड्यांचे मालक ढिगाने आहेत, आणि काही ठिकाणी मालक स्वतःच स्टेअरिंगवर असतो. त्यांच्यापर्यंत हा कायदा कधी पोचलाच नाही. पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो सामावून घेण्यात आला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला आडवे होण्यासाठी चालकाच्या मागे गाडीच्या रुंदीएवढी बैठक असावी, अशीही अट एके काळी नियमांत होती. कागदावर दुसरा चालक असे. केबिनमध्ये बहुधा क्लीनर असे, आणि वस्ताद, म्हणजे मुख्य चालक, पेंगला की तोच गाडी हातात घेई.

या घाईचे खापर कित्येकदा सरकारी नियमांवर फोडले जाते. ते खरे नाही. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत बाळगायच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत 1 जानेवारी 2021 पासून साधारण मालासाठी दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. बेळगाव ते पुणे या प्रवासाला कर खाते दोन दिवस देते. एका रात्रीचा हट्ट माल पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असतो.

तवंदी घाटाकडे थोडे बारकाईने पाहू. संकेश्वरकडून निपाणीला उतरताना काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. यामागे निव्वळ बेफिकिरी नसते. मालक डिझेल मोजून देतो, ‘अ‍ॅव्हरेज’ कमी पडले की फरक पगारातून किंवा भत्त्यातून कापतो, आणि उतारावर तेवढेच वाचेल असा हिशेब केला जातो. गाडी गिअरमध्ये असती तर इंजिनाने तिला मागे धरले असते. न्यूट्रलमध्ये सारे ओझे ब्रेकवर येते, लायनर (ब्रेकच्या ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्या) तापतात, करपल्याचा वास येतो, आणि तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटत जाते. पंचनाम्यात मग ‘ब्रेक निकामी’ असे लिहिले जाते. गंमत अशी की नव्या इंजिनांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. हे चालकाला सांगायचे काम डिझेल कापणाऱ्या मालकाचे आहे.

वजनाचेही असेच आहे. 2018 मध्ये केंद्राने धुऱ्यावरील (अ‍ॅक्सलवरील) भाराची मर्यादा वाढवली. दोन धुऱ्यांच्या गाडीचे एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर, तीन धुऱ्यांचे 25 वरून 28.5 टनांवर गेले. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. पण वजनकाट्याची पावती कारखान्यातच निघते. आत उभ्या गाडीत किती भरले हे माल भरणाऱ्याला ठाऊक असते, तरी नाक्यावर अडवला जातो तो चालक, आणि दंडाचा वाद मालक व चालक यांच्यात राहतो. कोल्हापूर-सांगलीकडे लॉरीवाल्यांनी वाराईविरुद्ध, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली गाडीवाल्याकडून घेण्याच्या प्रथेविरुद्ध, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी लावून धरली. तोच न्याय वजनालाही लावायला काय हरकत आहे?

आता माझ्या कामाच्या बाजूकडे येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाई मागणाऱ्याला वाहन चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. साहजिकच फिर्यादीपासून निकालापर्यंत सगळे कागद त्या एकाच दिशेने लिहिले जातात. चालक किती तास जागा होता हे विचारून मृताच्या वारसांचा काही फायदा नसतो, विमा कंपनीचा नसतो, आणि मालकाचा तर मुळीच नसतो. चालक स्वतः दगावला तर त्याच्या घरच्यांना पूर्वी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा आधार असे, आता तो कायदा सामावून घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेचा असतो, पण तिथे तो नोकरीवर होता हेच आधी दाखवावे लागते. नेमणूकपत्र नसते, पगार रोखीत असतो, भत्ता वहीत टिपलेला असतो, आणि ती वही मालकाच्या घरी असते.

अपघातानंतर चालक पळून जातो, याचा राग सर्वांना येतो. जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार त्याचे कर्तव्यच आहे. परंतु जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलत त्याच कलमात आहे. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये चालक रस्त्यावर उतरले, तेव्हा ही भीतीच बोलत होती. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, ते पोटकलम मात्र बाजूला ठेवले गेले.

विश्रांतीचे तास मोजणार कसे, असे अधिकारी विचारतात. माझे म्हणणे असे की ते रोज मोजले जात आहेत. इथून पुण्याला जाणाऱ्या गाडीची वेळ हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर इतक्या टोलनाक्यांवर फास्टॅगमुळे आपोआप नोंदली जाते. दोन नाक्यांमधल्या वेळांवरून गाडी कुठे थांबली, किती थांबली, की थांबलीच नाही, हे शाळकरी मुलगाही सांगेल. टोल कापल्याचा संदेश मात्र नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे बहुधा मालकाच्या मोबाइलवर जातो. चालकाच्या हातात त्याच्या स्वतःच्या रात्रीचा पुरावा राहत नाही. थांबलेला चालकही झोपतोच असे नाही, कारण टाकीतले डिझेल किंवा हौद्यातला माल चोरीला गेला तर भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाते. कुंपण, दिवे आणि पहारा असलेला वाहनतळ नसेल तर विश्रांतीचा नियम अर्धाच राहतो.

म्हणून जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे मी एवढीच मागणी मांडली आहे: अवजड वाहनाच्या प्रत्येक प्राणघातक अपघातात आधीच्या चोवीस तासांच्या टोलवेळा, कारखान्याच्या फाटकावरची नोंद आणि काट्याची पावती तपासाच्या कागदांना जोडावी. या नोंदी दोन राज्यांत विभागलेल्या आहेत, कागलच्या पलीकडच्या नाक्यांवरून त्या आणायला पत्रव्यवहार लागतो, आणि आपल्याकडचे बरेचसे कागद कन्नडमध्ये तर तिकडचे मराठीत असतात. भरपाईच्या दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. घरच्यांनी फिर्यादीची प्रत हाती येताच टोलवेळांसाठी लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, आणि क्लीनर वाचला असेल तर तो दुसऱ्या गाडीवर निघून जाण्याआधी त्याचा जबाब नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.