गोंदेश्वर पाहायचा तर आधी बाहेरून

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर येतं. यादवांची सुरुवातीची राजधानी इथलीच. गोंदेश्वराचं मंदिरही त्यांच्याच काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं. बहुतेक मंडळी इथे येतात ती थेट गाभाऱ्यात जातात, पिंडीला हात जोडतात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. दर्शन होतं, देऊळ पाहायचं राहून जातं. तेव्हा आज आपण आधी बाहेर थांबू.

ज्या उंच चौथऱ्यावर तुम्ही चढता, ती जगती. तिच्यावर मधोमध महादेवाचं मोठं मंदिर, पुढे नंदीमंडप आणि भोवती विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची छोटी देवळं. हे झालं शैव पंचायतन.

आता शिखर. ते पाहायला समोर उभं राहू नका. तिथून मंडपाचं छत आड येतं. जगतीच्या मागच्या कोपऱ्यात जा. शिखराच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर जाळीदार नक्षीचा एक उभा पट्टा थेट वरपर्यंत गेलेला दिसेल, ती लता. कोपऱ्यातून अशा दोन लता एकदम दिसतात आणि त्यांच्यामधली जागा पूर्ण उघडी होते. तिथे छोट्या खांबांवर बसवलेल्या इवल्या शिखरांच्या ओळी आहेत. त्यांना कूटस्तंभ म्हणतात, आणि त्यांची एकेक आडवी ओळ म्हणजे एकेक भूमी. ओळी खालून वर मोजा. दर ओळीत कूट तितकेच, पण आकाराने लहान होत जातात, म्हणून शिखर आहे त्याहून उंच भासतं. या घडणीला भूमिज म्हणतात. अंबरनाथचं शिवमंदिरही भूमिजच. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. पण त्याचं शिखर वरून ढासळलंय. शिकायचं असेल तर सिन्नरच बरं.

कुणी याला हेमाडपंती म्हणालं तर वाद घालत बसू नका. एवढं मात्र लक्षात ठेवा, की ज्याच्या नावावरून हेमाडपंती हा शब्द आला, तो यादव राजा रामदेवरायाचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि हे देऊळ त्याच्या आधीचं.

भिंतीवरचं कोरीवकाम भर दुपारी पाहू नये. ऊन डोक्यावरून येतं, सावल्या मरतात आणि काळा दगड सपाट दिसतो. सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर तिरपा प्रकाश पडला की मूर्ती उठून येतात. उत्तरेची भिंत हिवाळाभर सावलीतच असते. तिच्यासाठी मोबाइलची बत्ती बाजूने धरा, समोरून नको. शंकराची प्रदक्षिणा अभिषेकाच्या पाण्याच्या पन्हाळीपर्यंत जाऊन परत फिरायची असते, म्हणून पलीकडची भिंत नेमकी राहते. ती पाहायला उलट बाजूने यावं लागतं.

आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळ्यांना अंधार सरावू द्या. मग सभामंडपाच्या मधोमध जाऊन वर बघा. खरी करामत इथे आहे. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की चौकोन होतो. त्याचे कोपरे तिरप्या दगडांनी कापले की अष्टकोन. त्याच्यावर दगडांचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, आणि शेवटी उरलेलं भोक एका शिळेने झाकलेलं. यात खरी कमान कुठेच नाही. आत झुकलेला प्रत्येक दगड मागच्या टोकावरच्या वजनाने जागेवर राहतो. ते वजन हललं, तर तो आत कलंडतो.

म्हणूनच अशा देवळांचा मोठा वैरी पिंपळ. इथे सांधे चुन्याने भरलेले नसतात. दगड नीट घडवून, खाचेत खाच बसवून रचलेले असतात. फटीत रुजलेलं रोप दोन बोटांचं असतानाच काढलं तर ठीक. मूळ जाड झालं की ते दगड दूर सारतं, आणि मग उपटायला गेलं तर दगडही सोबत येतो. फटी सिमेंटने लिंपणं हा तर उपायापेक्षा मोठा अपाय: आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

तासभर हाताशी उरला, तर सिन्नरमध्येच ऐश्वरेश्वराचं मंदिर आहे. ते आकाराने लहान आहे, पण आतलं मकरतोरण, म्हणजे मगरीसारख्या मकरांच्या तोंडातून निघालेलं कोरीव तोरण, चुकवू नका.